घरी शिकणाऱ्या मुलांचे क्लास: गृहपाठ किती, कसा आणि कोणी करायचा

मूल शाळेत जात नाही, घरीच शिकतं. आता गणित किंवा विज्ञान घरच्या घरी जमेना, म्हणून आठवड्यातून एकदा भरणाऱ्या क्लासला घालायचं ठरलंय. हा लेख अशा पालकांसाठी आहे. मूल बारा-तेराच्या पुढचं असेल तर त्यानं तो स्वतःही वाचावा, कारण यातली निम्मी कामं त्याचीच आहेत.

मोठा घोळ होतो तो हा क्लास आणि नेहमीची शिकवणी एकच समजण्यात. नागपुरात महाल असो, प्रतापनगर असो की जरीपटका, शिकवण्यांना तोटा नाही. पण त्या शिकवणीच्या मागे शाळा उभी असते. धडा शाळेत एकदा झालेला असतो, शिकवणीत तो पक्का होतो. घरी शिकणाऱ्या मुलाच्या क्लासमागे फक्त घर असतं. क्लासमध्ये ताई किंवा सर विषय उघडून देतात, पण तो शिकला जातो घरी, उरलेल्या सहा दिवसांत. त्यामुळे इथे गृहपाठ हाच मुख्य अभ्यास असतो. हे नीट कळलं नाही तर दोन-तीन महिन्यांत मूल मागे पडतं आणि दोष क्लासला लागतो.

१. आधी तासांचा हिशेब करा

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं धरलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी ते २०० दिवस आणि ८०० तास आहे. सहावी-सातवीच्या वयाच्या मुलाचे हे १००० तास ढोबळमानानं सहा विषयांत वाटले, तर एका विषयाला १६५ च्या आसपास तास येतात. आता क्लासचं बघा. आठवड्याला दीड तास, वर्षाचे ३६ आठवडे, म्हणजे ५४ तास. उरलेले शंभराहून जास्त तास घरी भरून काढायचे, म्हणजे आठवड्याला प्रत्येक विषयाचे तीन तास.

घरी एकाला एक शिकताना वेळ कमी लागतो हे खरं. हजेरी नाही, चाळीस मुलांची गडबड नाही. तरी दीड तासाच्या क्लासमागे घरचे दोन ते तीन तास धरूनच चाला. आठ ते दहा वर्षांच्या मुलाला एका तासामागे घरचा पाऊण ते एक तास पुरतो, तोही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. अकरा ते तेराला दीडपट, चौदाच्या पुढे दुप्पट.

इथला सापळा म्हणजे एकदम पाच क्लास लावणं. पाच विषयांचे साडेसात तास बाहेर आणि पंधरा तास घरी, म्हणजे आठवड्याला साडेबावीस तास. त्यात तबला आणि क्रिकेट. पंधरा वर्षांच्या मुलाला हे झेपतं, दहा वर्षांच्या मुलाला झेपत नाही. पहिल्या वर्षी दोनच विषयांचे क्लास घ्या. ज्या मोकळ्या वेळेसाठी मुलाला शाळेत घातलं नाही, तीच वेळ क्लासनं खाऊन टाकली तर मग घरी शिकवण्यात काय उरलं?

२. प्रवेशाआधी विचारायच्या गोष्टी

फी आणि वेळ सगळेच विचारतात. त्यापेक्षा हे विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या:

- घरी दर आठवड्याला किती तासांचं काम धरलेलं आहे?
- गृहपाठ कोण तपासणार, शिक्षक की पालक? उत्तरसूची घरी मिळते का?
- वर्षात पूर्ण अभ्यासक्रम क्लासमध्ये होणार, की काही प्रकरणं घरी स्वतः करायची? ती कोणती?
- आठवड्याच्या मधे अडलं तर प्रश्न कुठे आणि कोणत्या वारापर्यंत पाठवायचा?
- उशिरा दिलेला गृहपाठ तपासतात का?
- कोणत्या मंडळाची परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून शिकवतात?

शेवटचा प्रश्न चौदा वर्षांच्या आसपास फार मोलाचा ठरतो. राज्य मंडळाचं पुस्तक आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, म्हणजे एनआयओएसचं पुस्तक यांत प्रकरणांचा क्रम वेगळा आहे आणि प्रश्नांची ठेवणही वेगळी आहे. गटातली निम्मी मुलं एका मंडळाची आणि निम्मी दुसऱ्याची असतील तर गृहपाठ दोन प्रकारचा मिळतो का, हे विचारून घ्या.

३. आठवड्याची मांडणी

समजा क्लास शनिवारी सकाळी आहे. तर आठवडा असा लावा.

शनिवारी घरी आल्यावर, जेवणाआधी, वीस मिनिटं. पुस्तक बंद ठेवून मुलानं कोऱ्या कागदावर आज काय झालं ते आठवून लिहायचं: सूत्रं, आकृती, नवे शब्द. मग वही उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनानं भरायचं. त्याच वेळी गृहपाठ वाचून प्रत्येक कामापुढे वार टाकायचा. ही वीस मिनिटं चुकवू नका. सोमवारी तेच आठवायला तासभर लागतो, कारण ऐकलेल्यातलं बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतं.

रविवार मोकळा.

सोमवारी सोपा भाग: वाचन, व्याख्या, क्लासमध्ये सोडवलेल्या नमुन्यासारखी चार-पाच गणितं. मंगळवारी सगळ्यात अवघड काम. अवघड काम मंगळवारी, कारण अडलं तर विचारायला बुधवार हातात राहतो. बुधवारी प्रश्न पाठवायचे आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचं. गुरुवारी उत्तर आलं की अडलेलं पुन्हा करायचं, पण उत्तर बाजूला ठेवून, पहिल्यापासून. शुक्रवारी नवं काही नाही. मागच्या महिन्यातली दोन गणितं किंवा एक आकृती न बघता काढायची आणि दप्तर भरायचं.

गृहपाठ शुक्रवारी रात्री करणारं मूल आणि असं वाटून करणारं मूल, दोघांच्या वहीत तेवढीच पानं भरलेली दिसतात. फरक शिक्षकाला पाच मिनिटांत कळतो. पहिल्याला शनिवारी विचारायला प्रश्न नसतो, कारण त्याचं नेमकं कुठे अडलं हे त्यालाच ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात ही मांडणी बदला. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी दोनला बीजगणित डोक्यात शिरत नाही. लिहायचं काम सकाळी साडेसहा ते साडेनऊमध्ये उरकून घ्या. दुपारी कूलरसमोर वाचन किंवा ऐकायचं काम ठेवा.

४. वही कशी असावी

प्रत्येक विषयाला दोन वह्या: एक कच्ची, एक पक्की. पक्कीत समास, तारीख, पान क्रमांक, प्रश्न क्रमांक. गणितात एका ओळीवर एकच पायरी. बरोबरीची चिन्हं एकाखाली एक आली की चूक कुठे झाली ते डोळ्यांना दिसतं.

खोडरबर आकृतीपुरताच. चुकलेलं गणित एक आडवी रेघ मारून तसंच ठेवा आणि खाली हिरव्या पेनानं दुरुस्त करा. खोडून बरोबर उत्तर लिहिलं की चूक कशी झाली याचा माग पुसला जातो, आणि शिक्षकाला नेमका तोच हवा असतो. वजा चिन्ह कंस सोडवताना हरवतंय, की मुळात कंसच कळलेला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांवरचे उपायही वेगळे आहेत.

गृहपाठ फोनवरून पाठवायचा असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, वरून सरळ काढा. स्वतःची सावली पानावर पडू देऊ नका. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, क्रमानं घ्या आणि फाइलला मुलाचं नाव, विषय, तारीख द्या. सुटे अकरा फोटो उलटसुलट पाठवले की तपासणाऱ्याचा अर्धा वेळ पानं जुळवण्यातच जातो.

५. पालकांनी काय करायचं आणि काय नाही

आई-बाबांची मदत जास्त झाली की क्लास निरुपयोगी होतो, आणि हे सगळ्यात चांगल्या, कळकळीच्या घरांत होतं. आई रोज वही बघते, चुका दाखवते, मूल दुरुस्त करतं, शनिवारी वही चकचकीत जाते. शिक्षकाला वाटतं प्रकरण आलं. ते पुढे सरकतात. दोन महिन्यांनी चाचणीत मूल कोरं निघतं. बिनचूक वही शिक्षकाला काहीच सांगत नाही, म्हणून घरच्या मदतीनं सोडवलेल्या प्रश्नापुढे समासात 'म' लिहायची पद्धत ठेवा. स्वतः केलेलं कोणतं आणि मदतीनं केलेलं कोणतं, हे शिक्षकाला लगेच समजतं. मुलाला यात कमीपणा वाटू देऊ नका. 'म' लिहिणं ही फक्त माहिती आहे.

वयाप्रमाणे पालकाचं काम बदलतं. दहापर्यंत शेजारी बसा, सूचना मोठ्यानं वाचून घ्या, वेळ लावा. अकरा ते तेरा: सोमवारी यादी बघा, गुरुवारी झालं का ते विचारा, मध्ये लुडबुड नको. चौदाच्या पुढे यादी मुलाची, वेळ मुलाची, आणि शिक्षकाला निरोपही मुलानंच पाठवायचा. पंधरा वर्षांच्या मुलाचा गृहपाठ का झाला नाही हे आई कळवत असेल, तर त्या मुलानं अजून अभ्यास आपल्या हातात घेतलेलाच नाही.

अडल्यावर काय करायचं, याचा घरात एक नियम ठरवा: पंधरा ते वीस मिनिटं स्वतः झटायचं, मागचा नमुना बघायचा, तरी सुटलं नाही तर प्रश्न लिहून ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. दोन तास एकाच गणितावर रडत बसणं म्हणजे चिकाटी नव्हे. आणि दोन मिनिटांत हाक मारणं हीही सवयच असते, ती मोडावी लागते.

प्रश्न कसा लिहायचा तेही शिकवावं लागतं. 'समजलं नाही' याला उत्तर देता येत नाही. 'तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, चौथ्या पायरीत ६ने का भागलं ते कळलं नाही' याला उत्तर देता येतं, आणि निम्म्या वेळा असं लिहितालिहिताच मुलाला सापडतं.

६. विषयानुसार थोडं

गणितात आठवड्याला बारा ते पंधरा प्रश्न पुरे, पण तीन जातींचे: नमुन्यासारखे, थोडे फिरवलेले आणि मागच्या प्रकरणातले. एकाच जातीची चाळीस गणितं केली की हात चालतो, डोकं चालत नाही.

विज्ञानात प्रयोगवही वेगळी ठेवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमानं लिहा. निरीक्षण प्रयोग चालू असतानाच लिहायचं, घरी येऊन आठवून नाही. घरचे प्रयोग पुरेसे असतात: हळदीच्या पाण्यात लिंबू आणि साबण टाकून रंग बघा, किंवा आठवडाभर सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सातला गच्चीवरचं सावलीतलं तापमान नोंदवून आलेख काढा. गांधीसागरासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात किंवा १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, गट गेला तर 'काय पाहिलं' असा निबंध लिहायला लावू नका. तीन वस्तू निवड, प्रत्येकीचं रेखाटन कर, ती कशाची केली असेल आणि का, ते चार ओळींत लिही. असा गृहपाठ मागून घ्या.

भाषेत निबंध एकदाच लिहून भागत नाही. कच्चा मसुदा, दोन दिवसांची विश्रांती, मग मोठ्यानं वाचून दुरुस्ती. इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्या मुलाचं मराठी मागे पडतं ते लिहिण्यात. त्याला रोज पाच ओळी मराठीत लिहायला लावा, कशाबद्दलही.

७. दहावी एनआयओएसमधून: टीएमए हा खरा गृहपाठ

दहावीसाठी किमान वय १४. पाच विषय घ्यावे लागतात, त्यात किमान एक भाषा. मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तर आठवीच्या दाखल्याऐवजी 'मी या अभ्यासक्रमासाठी पुरेसा अभ्यास केला आहे' असं स्वयंघोषणापत्र देता येतं. जाहीर परीक्षा वर्षातून दोनदा असतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

प्रत्येक विषयाला टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायचा स्वाध्याय असतो. तो २० गुणांचा असतो आणि लेखी भागात त्याला २० टक्के वजन आहे. प्रश्न सहा. पहिले तीन २-२ गुणांचे, ४० ते ६० शब्दांत. पुढचे दोन ४-४ गुणांचे, १०० ते १५० शब्दांत. सहावा ६ गुणांचा, प्रकल्पासारखा, साधारण ५०० शब्दांचा. पाच विषयांचे मिळून तीस प्रश्न होतात. एप्रिलच्या परीक्षेसाठी ३१ जानेवारी आणि ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी ३१ जुलै ही नेहमीची शेवटची तारीख. त्या वर्षीची सूचना संकेतस्थळावर बघूनच खात्री करा.

तारखेवरून मागे मोजा. एका विषयाला दोन आठवडे धरले तर पाच विषयांना दहा, म्हणजे दिवाळी आटोपली की, नोव्हेंबरच्या मध्याला सुरुवात. सहावा प्रश्न आधी हातात घ्या, त्याला माहिती गोळा करावी लागते.

इथे घात करणाऱ्या चार गोष्टी:

- मागच्या सत्राचा प्रश्नसंच उतरवून लिहून काढणं. प्रश्न सत्रागणिक बदलतात. पहिल्या पानावरचं सत्र वाचल्याशिवाय पेन उचलू नका.
- बाजारात मिळणारी तयार उत्तरं उतरवणं. शंभर जणांचं उत्तर शब्दाशब्दानं एकच असतं, आणि परीक्षेत त्याच प्रकरणावर मूल अडतं.
- दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिणं. ताई-दादानं 'मदत' म्हणून लिहून दिलेलं नको.
- शेवटच्या रात्री फाइल चढवणं. संकेतस्थळ तेव्हाच रेंगाळतं. आठवडाभर आधी चढवा आणि पोचपावती जपून ठेवा.

प्रात्यक्षिक असलेल्या विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणून एनआयओएसनं नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्राच्या संपर्क वर्गांच्या, म्हणजे तिथे प्रत्यक्ष भरणाऱ्या तासांच्या, तारखा विचारत राहा, त्या कोणी घरी आणून देत नाही.

आणखी एक. एनआयओएसचा पेपर बहुतेक वेळा दुपारी अडीच ते साडेपाच असतो, तोही ऐन नागपुरी उन्हाळ्यात. रोजचा अभ्यास सकाळी चालू ठेवा, पण फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा दुपारी अडीचला सलग तीन तास लिहायचा सराव करा. घरी शिकणाऱ्या मुलाला सलग तीन तास हात चालवायची सवय नसते. विषय येत असून पेपर अर्धवट राहतो तो इथे.

राज्य मंडळातून बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचा अर्ज. नागपूर विभागीय मंडळ दरवर्षी तारखा जाहीर करतं. त्यात शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी ही चौकशी परीक्षेच्या वर्षी नको, दोन वर्षं आधी करा. संपर्क शाळा, म्हणजे ज्या शाळेमार्फत परीक्षेला बसायचं ती, मिळाली की तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या कधी द्यायच्या ते पहिल्याच भेटीत विचारा.

८. आजारपण, पाहुणे, सणवार

राहिलेला आठवडा पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरायला जाऊ नका. दोन्ही अर्धवट राहतात. एक आड एक प्रश्न सोडवा, आकृत्या सगळ्या काढा, लांब उत्तरांचे फक्त मुद्दे लिहा, आणि काय सोडलं ते वरच लिहून क्लासला जा. गृहपाठ झाला नाही म्हणून क्लास बुडवणं हा त्याहून मोठा तोटा, कारण मग दोन धडे गेले. पोळा, मारबत, दिवाळी या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच शिक्षकांशी बोलून ठेवा. त्या आठवड्यांत फक्त वाचन ठेवता येतं.

९. जवळ ठेवायचं सामान आणि कागद

दर विषयाला दोन वह्या, प्रयोगवही, निळं-काळं आणि हिरवं पेन, कंपासपेटी, आलेखाचे कागद, टीएमएसाठी ए-४ कोरे कागद, भिंतीवर महिन्याची मोठ्या चौकटींची दिनदर्शिका, टेबलावर साधं घड्याळ. वेळ बघायला फोन नको. कागदांत जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो, सहीचा स्कॅन, असल्यास शाळेचा दाखला. आधार, जन्मदाखला आणि फॉर्म, तिन्हींवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. आईचं नाव एका ठिकाणी आणि दुसरीकडे नाही, किंवा आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, यावर महिने जातात. ही दुरुस्ती तेराव्या वर्षीच करून घ्या.

१०. सहा आठवड्यांनी बसून बघा

पहिल्या दोन आठवड्यांवरून काही ठरवू नका, तेवढं तर घडी बसायलाच लागतं. सहाव्या आठवड्यानंतर वह्या समोर घ्या. घरचे तास ठरल्याच्या दीडपटीवर जाताहेत का? 'म' लिहिलेले प्रश्न कमी होताहेत का? मूल स्वतःहून प्रश्न पाठवतं का? शुक्रवारची रात्र अजून धावपळीची आहे का? दोनहून जास्त ठिकाणी गाडी अडलेली दिसली तर शिक्षकांना भेटा आणि कमी काम मागा. पंधराऐवजी आठ गणितं देऊन चालतं, बहुतेक शिक्षक तयार होतात. तरीही जमत नसेल तर एक वर्ष खालच्या गटात बसवायला लाजू नका. घरी शिकण्यात इयत्तेचा धाक नाही, त्याचा फायदा मुलाला मिळू द्या.

क्लास सोडायचाच ठरला तर महिना संपण्याआधी कळवा, तपासलेल्या वह्या परत घ्या, आणि कोणती प्रकरणं पूर्ण झाली, कोणती अर्धी राहिली ते शिक्षकांकडून एका कागदावर लिहून घ्या. पुढचे सर पहिल्याच दिवशी तेच विचारतात.